शाहू महाराजांची शिकार : काळवीट, चित्ता आणि माळावरचे फासेपारधी

लातुरात शाहू हे नाव निघालं की आधी आठवतं ते शाहू कॉलेज. १९७० साली सुरू झालेल्या या कॉलेजानं लातूर पॅटर्न राज्यभर गाजवला. ज्यांच्या नावानं ते उभं आहे त्या राजर्षी शाहू महाराजांचं आरक्षण, वसतिगृहं, राधानगरीचं धरण हे सगळं आपण दरवर्षी २६ जूनला ऐकतो. पण महाराज पट्टीचे शिकारी होते, हे जयंतीच्या भाषणात फारसं येत नाही. सांगणाऱ्याला बहुतेक अडचण वाटत असावी. आज शिकार हा गुन्हा आहे, मग थोर माणसाच्या चरित्रात ती कशाला घ्यायची, असा विचार होत असेल. आमच्या मते ती घेतली पाहिजे. कारण महाराजांना रानातली माणसं भेटली ती या शिकारीपायीच.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. मूळ नाव यशवंतराव, कागलच्या घाटगे घराण्यातले. आई लहानपणीच गेली. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि पुढच्या दोनच वर्षांत वडीलही वारले. शिक्षण राजकोटला आणि नंतर धारवाडला झालं. राजकोटला भावनगरचे भावसिंहजी त्यांच्या सोबत शिकायला होते, ती दोस्ती जन्मभर टिकली. २ एप्रिल १८९४ ला राज्यकारभार हाती आला तेव्हा महाराज जेमतेम विशीत होते. अंगानं धिप्पाड, कुस्तीचा नाद, घोड्याची पक्की मांड. घोडे, हत्ती, कुत्री यांच्यात ते रमत. कोल्हापुरातलं साठमारीचं मैदान आणि खासबागेचं कुस्तीचं मैदान आजही त्या काळाची आठवण देतात.

संस्थानाचा मुलूख दोन तऱ्हेचा होता. पश्चिमेला सह्याद्री, दाजीपूरचं दाट जंगल. तिथं वाघ, गवे, अस्वलं. पूर्वेला शिरोळ, रायबागकडं जावं तसा उघडा, सपाट माळ. काळवीट असतो तो अशाच माळावर. आपल्याकडं औशापासून उदगीरपर्यंतच्या शेतकऱ्याला हा प्राणी नवा नाही. हरभरा कोवळा असताना कळप शिरला की काय होतं ते त्यालाच विचारा.

काळविटाजवळ जाणं किती अवघड आहे हेही त्याच शेतकऱ्याला ठाऊक असतं. नराचं वजन तीस-पस्तीस-चाळीस किलो, पण वेग ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर. डोळा तर असा, की माणूस बांधावर उभा राहिला तरी कळपाच्या माना वर होतात. झाड नाही, झुडूप नाही, लपायचं कुठं? म्हणजे या शिकारीत खरा प्रश्न अंतराचा. ते अंतर तोडायचं कसं?

जगात या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं निघाली. अमेरिकेच्या गवताळ माळावर प्राँगहॉर्न नावाचा प्राणी आहे. दिसायला हरणासारखाच, नजर तितकीच तेज आणि पळायला काळविटापेक्षाही वरचढ. तिथल्या शिकाऱ्यांनी आणि कारागिरांनी त्याच्यासाठी हलकी, लांब पल्ल्याची रायफल घडवत नेली. हलकी कशाला? तर दिवसभर खांद्यावर घेऊन मैलोन्मैल चालायचं असतं. लांब पल्ल्याची कशाला? तर जनावर दोनशे मीटरच्या आत येऊच देत नाही.

पण बंदुकीत एक गोष्ट मिळवली की दुसरी सुटते. गोळी सरळ रेषेत जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात नळीतून सुटल्याबरोबर ती खाली पडायला लागते. दोनशे मीटरला नेम बसवलेली चांगली वेगवान रायफलसुद्धा तीनशे मीटरवर वीतभर खाली मारते, चारशेवर हातभराहून जास्त. वारा आडवा असेल तर गोळी बाजूलाही सरकते. गोळीचा वेग वाढवावा तर दारू जास्त लागते. मग हलक्या बंदुकीचा दणका खांदा शेकून काढतो. वजन वाचवायला नळी बारीक केली तर दोन-तीन बारांतच ती तापते आणि नेम हलतो. या सगळ्यांचा मेळ घालणं हेच रायफल घडवणाऱ्याचं कसब.

महाराजांच्या काळात असल्या रायफली नुकत्याच येऊ लागल्या होत्या. १८८६ नंतर धूर न होणारी दारू वापरात आली, गोळीचा वेग वाढला. १८९८ साली जर्मनीच्या माउझर कंपनीची जी रायफल आली, तिच्या धर्तीवर पुढं जगभर शिकारी बंदुका बनल्या. कोल्हापूरच्या राजाला बंदुकीची काय कमतरता! पश्चिमेच्या जंगलात ते वाघावर गोळी चालवत, रानडुकराच्या मागं घोड्यावरून भाला घेऊन पळत. काळविटासाठी मात्र त्यांना आवडे ती चित्त्याची शिकार.

चित्त्याकडून शिकार करून घेणं ही आपल्या देशातली जुनी कला. यात पिल्लू पाळून उपयोग नसतो, कारण शिकार करायला त्याला त्याची आईच शिकवते. म्हणून रानात तयार झालेला मोठा चित्ता फास लावून जिवंत धरायचा आणि काही महिने माणसाळवायचा. हे काम करणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. शिकारीच्या दिवशी चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवून त्याला गाडीत बसवायचं. काळवीट माणसाला बघून उधळतो, पण बैलगाडी रोज बघत असल्यानं तिला तितका भीत नाही. त्यामुळं गाडी तिरकी तिरकी नेत कळपाच्या शंभर-दोनशे पावलांपर्यंत जाता येई. तिथं टोपी काढायची. पुढचा खेळ अर्ध्या-एक मिनिटाचा. चित्ता चारेकशे मीटरच्या आत पोचला तर पोचला, नाहीतर दम लागून खाली बसतो. काळविटाचा गळा धरला की चित्तेवान पळत जातो, पळीभर रक्त पाजून त्याला सोडवतो आणि पुन्हा टोपी घालतो.

महाराजांची खडखडा नावाची घोडागाडी कोल्हापूरकरांना अजून माहीत आहे. खडबडीत वाटेवरून जाताना जो आवाज होई, तोच तिच्या नावात आहे. महाराज स्वतः लगाम धरत. खडकाळ माळावर जोडीचे घोडे भरधाव पळवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. गाडी वेळेवर आणि हव्या त्या बाजूनं पोचली नाही तर चित्त्याचा काही उपयोग नसतो. म्हणजे अमेरिकेतल्या कारागिरानं जे काम पोलादाच्या नळीकडून करून घेतलं, ते इथं गाडी, घोडा, चित्ता आणि चित्तेवान अशा चौघांनी मिळून केलं. आपल्याकडचे चित्ते तोवर जवळजवळ संपत आले होते. म्हणून कोल्हापूर, भावनगरसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले.

आता तिसरं उत्तर. ज्यांच्याकडं रायफल नव्हती आणि चित्ताही नव्हता, त्यांनी अंतर कसं तोडलं? फासेपारध्यानं ते दोरीनं तोडलं. कळपाची येण्याजाण्याची वाट हेरायची, तिच्यावर तातीचे फास ओळीनं मांडायचे आणि शिकवलेल्या बैलाच्या आडून चालत कळपाला हळूहळू त्या बाजूला वळवायचं. दुसरी युक्ती याहून अजब. पाळलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला कळपाजवळ सोडायचा. कळपातला नर त्याच्याशी भांडायला येतो, शिंगाला शिंग भिडलं की अडकतो. आवाज नाही, धूर नाही, दारूगोळ्याचा खर्च नाही. पारध्यांची चित्ता पारधी अशी एक शाखाही होती. चित्ता धरून त्याच्याकडून शिकार करून घेण्याची विद्या तिच्या हातात होती. राजेरजवाड्यांचा हा जो थाटाचा खेळ, त्याच्या मुळाशी अशा गरीब माणसांची अक्कल होती.

आणि याच माणसांना सरकारनं चोर ठरवलं होतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. गुन्हा केला असो वा नसो, अमुक जातीत जन्मला म्हणजे संशयित. त्याच्या जोडीला हजेरी. गावकामगारापुढं रोज जाऊन उभं राहायचं, परगावी जायचं तर परवानगी काढायची. ज्याला रोज हजेरी द्यायची त्यानं मजुरीला लांब जायचं कसं? मजुरी नाही म्हणून चोरी आणि चोरी केली म्हणून पुन्हा हजेरी, असं ते चक्र होतं.

महाराजांनी फासेपारध्यांना जवळ केलं. त्यांना राहायला जागा दिली, कामावर घेतलं आणि ज्यांच्यापासून मालमत्ता सांभाळायची म्हणून लोक दारं लावून घेत, त्यांनाच पहाऱ्यावर नेमलं. दरबारातल्या लोकांना हा विक्षिप्तपणा वाटला असणार. पण पाऊलखुणा वाचणारा, रात्रभर जागणारा, पानाची सळसळ ओळखणारा माणूस पहाऱ्याला याच्याहून चांगला कुठं मिळेल? ही पारख कचेरीत बसून होत नाही. माळावर ज्यांच्या सोबत दिवस काढले त्यांचीच ती होते, असं आम्हाला वाटतं.

शिकारीनं महाराजांना दिलं तसं त्यांच्याकडून हिरावूनही नेलं. धाकटे राजपुत्र शिवाजी, वय एकोणीस. १९१८ च्या जून महिन्यात ते घोड्यावरून रानडुकराच्या मागं लागले आणि त्या दौडीत झालेल्या अपघातात गेले. लग्नाला वर्षच झालं होतं. मागं राहिल्या इंदुमती, वयानं अगदी लहान. त्या काळात राजघराण्यातल्या बालविधवेचं पुढचं आयुष्य म्हणजे पडद्याआडची एक खोली. महाराजांनी तसं होऊ दिलं नाही. घरातल्यांचा विरोध असताना त्यांनी सुनेच्या शिक्षणाची सोय सोनतळीला केली. मुलगा गमावलेल्या बापानं सुनेला शिकवायला बसवलं, ही गोष्ट आजही आपल्या किती घरांत घडते?

त्याच १९१८ साली त्यांनी महार, मांग, रामोशी, बेरड यांच्या मागची हजेरी आपल्या संस्थानात बंद केली. महार वतनही त्याच वर्षी खालसा करून जमिनी त्या लोकांच्या नावावर करायचं ठरवलं. त्याआधी १९०२ साली मागासलेल्यांना निम्म्या जागा, १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, नंतर १९२० साली माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी उभं राहणं, हे आपल्याला पाठ आहे. हजेरीचा हुकूम मात्र त्या मानानं मागं पडतो. ज्याला रोज कुणापुढं जाऊन उभं राहावं लागत नाही, त्याला त्या हुकमाची किंमत कळणं कठीणच.

६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. पुढं राजाराम महाराजांच्या काळातही कोल्हापुरात चित्त्याची शिकार चालू राहिली. भारतातल्या रानातले शेवटचे समजले जाणारे तीन चित्ते १९४७ च्या सुमाराला मध्य भारतातल्या कोरिया संस्थानात मारले गेले, तेही रायफलीनं. १९५२ साली आपला चित्ता संपल्याचं जाहीर झालं. त्याच साली, ३१ ऑगस्टला, गुन्हेगार ठरवलेल्या जमाती त्या कायद्यातून विमुक्त झाल्या. महाराजांच्या शिकारीचं दाजीपूर १९५८ मध्ये अभयारण्य झालं.

काळवीट राहिला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. पिकाचं नुकसान झालं तर वनविभागाकडं भरपाईचा अर्ज करता येतो. विहिरीत पडलेलं किंवा कुंपणात अडकलेलं जनावर दिसलं तर १९२६ या टोल फ्री नंबरवर कळवता येतं. फास लावणं फासेपारध्यालाही बंद झालं आणि ते योग्यच झालं. पण फास काढून घेताना त्याच्या हातात दुसरं काम कुणी दिलं नाही. गावाबाहेर पाल ठोकलं की आजही पहिली चौकशी त्याच्याकडंच होते. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात त्याच माणसाच्या हाती पहारा दिला होता.