अंधाऱ्या खोलीतले दादासाहेब फाळके

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि भारतीय कथापटाचा इतिहास सुरू झाला. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे नाव त्या दिवसाशी कायमचे जोडले गेले. दिग्दर्शक, पटकथाकार आणि निर्माता म्हणून त्यांची महती सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्यांच्या कर्तृत्वाचा एक भाग सहसा झाकलेलाच राहतो. पडद्यावर दिसलेले प्रत्येक चित्र त्यांनी आपल्या दादरच्या घरात, अंधाऱ्या खोलीत, पाण्याने आणि रसायनांनी धुऊन काढले होते.

या गोष्टीचे महत्त्व समजण्यासाठी एक वर्ष मागे जावे लागते. १८ मे १९१२ रोजी याच कोरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' दाखवण्यात आला होता. पहिला भारतीय चित्रपट कोणता, या वादात त्याचे नाव आजही घेतले जाते. 'पुंडलिक' हे रंगमंचावरील नाटकाचे चित्रीकरण होते, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली गेली होती, असे फाळके यांच्या बाजूने सांगितले जाते. यातला तिसरा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात चित्रपट येथे घडला की बाहेरून घडवून आणला, याचा निकाल बऱ्याच अंशी त्यावरच लागतो.

छापखान्यातली तालीम

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत अध्यापनाची नोकरी मिळाली आणि कुटुंब शहरात आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कला महाविद्यालयात दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, शिल्पकला आणि छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. तिरंगी ठसे आणि फोटोलिथोग्राफी या छपाईच्या विद्याही त्यांनी आत्मसात केल्या. गोध्र्यात त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. पण प्लेगने पत्नी आणि अपत्य हिरावून नेले आणि ते गाव त्यांनी सोडले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजेच सरस्वतीबाई.

पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून त्यांनी काही वर्षे नोकरी केली. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडून ते छपाईच्या धंद्यात उतरले. लोणावळ्यात सुरू झालेला हा व्यवसाय पुढे दादरला आला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. भागीदारांशी मतभेद झाले आणि हाती काही न ठेवता ते त्या धंद्यातून बाहेर पडले.

आर्थिकदृष्ट्या हे सारे अपयशच होते. तरीही या पंचवीस वर्षांत त्यांच्या हाताला एक गोष्ट पक्की सवयीची झाली. छायाचित्राची काच असो वा छपाईचा ठसा, प्रतिमा उमटते ती रसायनाच्या पातळ थरावर. पाणी किती गार, किती स्वच्छ आणि किती वेळ, यावर त्या थराचे भवितव्य ठरते. चित्रपटाकडे वळलेल्या फाळके यांच्यापाशी भांडवल नव्हते, पण ही जाण होती.

विम्याची पॉलिसी आणि लंडनची वारी

१९१०-११ च्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण आणण्याच्या ध्यासाने त्यांना पछाडले. अहोरात्र चित्रपट पाहून आणि प्रयोग करून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. पुढे विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची गाठ निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी चित्रीकरणापासून फिल्म धुण्यापर्यंतचे काम जवळून पाहिले. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे आणि प्रत छापण्याचे यंत्र खरेदी करून आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून १ एप्रिल रोजी ते परतले.

मे महिन्यात यंत्रे मुंबईत पोहोचली आणि चार दिवसांत त्यांनी ती सोबतच्या आराखड्यावरून जोडली. दादरच्या मथुरा भवन या बंगल्याच्या आवारात काचेची एक खोली उभी राहिली, फिल्म धुण्यासाठी अंधारी खोलीही तयार झाली. कच्ची फिल्म येई ती कोऱ्या कडांची. कॅमेऱ्यात ती सरकण्यासाठी दोन्ही कडांना नेमक्या अंतरावर भोके पाडावी लागत आणि तीही अंधारात. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. रसायनांचे मिश्रण आणि फिल्म धुण्याची कामेही त्यांनी हाती घेतली. दिवसा चित्रीकरणातील माणसांचा स्वयंपाक आणि रात्री अंधाऱ्या खोलीतली मदत, असा त्यांचा दिनक्रम होता.

भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि रोपाच्या वाढीची चित्रे ठरावीक अंतराने टिपत 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. एका महिन्याहून अधिक काळ चाललेले हे काम धुताना बिघडले असते, तर रोप पुन्हा पेरण्यापासून सुरुवात करावी लागली असती. तसे घडले नाही. लघुपट पाहून पैसे मिळाले आणि 'राजा हरिश्चंद्र'चा मार्ग मोकळा झाला.

अठरा अंशांचा प्रश्न

फिल्मवरचा संवेदनशील थर जिलेटिनचा असतो आणि त्यात चांदीचे क्षार असतात. थंड पाण्यात जिलेटिन घट्ट राहते; ऊन पाण्यात ते फुगते, मऊ पडते आणि कडेपासून सुटूही लागते. रसायनांचा वेगही तापमानावर अवलंबून असतो. युरोपातील पुस्तके फिल्म धुण्यासाठी साधारण १८ अंश सेल्सिअस तापमान सांगत. त्या काळी सर्रास वापरले जाणारे हायड्रोक्विनोन हे द्रव्य १३ अंशांच्या खाली जवळपास निष्क्रिय होते, तर उष्णतेत ते इतक्या झपाट्याने काम करते की चित्रावर काळपट झाक चढते. लंडनमध्ये पाणी कोमट करावे लागे. मुंबईतला प्रश्न नेमका उलटा होता. येथे उन्हाळ्यात पाणीच ३० अंशांच्या आसपास असते.

केवळ थंड पाणी मिळून भागत नाही. विकसक, स्थिरक आणि शेवटची धुलाई या तिन्हींचे तापमान जवळपास सारखे ठेवावे लागते. एकातून दुसऱ्यात जाताना मोठा फरक पडला, तर थर आकसून त्यावर बारीक जाळी उमटते आणि ती काही केल्या जात नाही. स्थिरकाचा अंश उरू नये म्हणून अखेरीस भरपूर स्वच्छ पाणी लागते. तो अंश राहिला, तर चित्र काही वर्षांत पिवळे पडून विरू लागते. उष्ण प्रदेशांतील छायाचित्रकारांनी त्यावर उपाय शोधले होते. रात्री किंवा पहाटे काम करायचे, रसायनाचे भांडे बर्फाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात ठेवायचे, थर कडक करण्यासाठी तुरटी वापरायची. बर्फ थेट रसायनात टाकता येत नसे. त्याने द्रावण पातळ झाले असते. भांड्याभोवती पाणी खेळवून आतले तापमान स्थिर राखण्याचे हेच तत्त्व पुढे घरगुती फिल्म धुण्याच्या यंत्रांत आले. फक्त हाताची आणि तापमापकाची जागा विजेच्या नियंत्रकाने घेतली.

'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. एका फुटात १६ चित्रे येतात, म्हणजे सुमारे ५९ हजार चित्रे. नकारात्मक फिल्म एकदा धुवायची आणि तिच्यावरून पडद्यासाठी छापलेली प्रत पुन्हा त्याच क्रमाने धुवायची. त्या काळची फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळपास आंधळी असे. त्यामुळे तांबड्या दिव्यात चित्र उमटताना पाहून ती कधी बाहेर काढायची, हे डोळ्यांनी ठरवता येई. ज्या डोळ्यांनी एकदा दगा दिला होता, त्यांच्यावरच हा निर्णय सोपवलेला होता. चित्रीकरणासह सारे काम सहा महिने सत्तावीस दिवसांत पूर्ण झाले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही, तेव्हा ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती केली. सिनेमाची नोकरी कमीपणाची मानली जाई, म्हणून मंडळींनी आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात काम करतो असे सांगावे, असा तोडगा निघाला. अंधारी खोली, यंत्रे आणि रसायने पाहता कारखाना हा शब्द फारसा चुकीचाही नव्हता.

नाशिक, यश आणि उतार

या यशानंतर फाळके यांनी मुक्काम नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकी पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये ते आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या तांत्रिक सफाईचे कौतुक झाले आणि राहण्याचा प्रस्तावही आला. पण तो नाकारून ते मायदेशी परतले. महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची चणचण होती, तरी १९१७ मध्ये 'लंकादहन' आला आणि त्याने गर्दीचे उच्चांक गाठले. त्याच वर्षी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपट त्यांनी केला. आपली कारागिरी गुपित ठेवण्याऐवजी ती लोकांपुढे मांडण्याचा हा स्वभाव त्या धंद्यात विरळाच होता.

१९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि कन्या मंदाकिनीच्या भूमिकेने गाजलेला 'कालियामर्दन' हे या काळातले चित्रपट. भागीदारांशी पुन्हा बिनसले. फाळके काशीला गेले, 'रंगभूमी' हे नाटक लिहिले आणि काही काळाने कंपनीत परतले.

तोवर चित्रपट बोलू लागला होता. बोलपटाने फाळके यांना मागे टाकले, असे म्हणताना त्यांच्या मूकपटाच्या शैलीचा उल्लेख होतो. बदल मात्र अंधाऱ्या खोलीतही झाला होता. ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीच्या रूपात उमटत असे. ती पट्टी किंचित कमीजास्त धुतली गेली, तरी आवाज बिघडे. शिवाय सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या नव्या फिल्ममुळे तांबडा दिवाही विझला. आता डोळ्यांचा अंदाज चालत नव्हता. एकसारख्या तापमानाची आणि वेगाची यंत्रे असलेली प्रयोगशाळा हवी होती. एका कुटुंबाने घरात राखलेली कला मोठ्या भांडवलाच्या हाती गेली. 'सेतुबंधन'ला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.

१९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार दिला जाऊ लागला. २००९ च्या परेश मोकाशी दिग्दर्शित 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने नव्या पिढीला फाळके कुटुंबाची ओळख करून दिली. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी जतन झाली आहेत. ती १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. यांपैकी काहीही असले, तरी शंभर वर्षांहून अधिक काळानंतर त्या फिल्मवर माणसांचे चेहरे ओळखू येतात. ते टिकले, यात ती धुणाऱ्या हातांचाही वाटा आहे. त्यांतले दोन हात सरस्वतीबाईंचे होते. पहिल्या भारतीय चित्रपटाच्या श्रेयाची मोजदाद होते, तेव्हा त्यांची नोंद पाकशाळेइतकीच अंधाऱ्या खोलीतही व्हायला हवी.