अॅलिशिया बूल स्टॉट : चौथ्या परिमाणाची द्रष्टी

आयर्लंडांतील कॉर्क शहरीं ८ जून १८६० रोजीं अॅलिशिया बूल हिचा जन्म झाला. तर्कशास्त्रास बीजगणिताचें रूप देणारे जॉर्ज बूल हे तिचे वडील. आई मेरी ही, ज्यांचें नांव हिमालयाच्या सर्वोच्च शिखरास मिळालें त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. १८६४ सालीं वडील वारले तेव्हां अॅलिशिया अवघी चार वर्षांची होती. पांच मुलींचा भार एकट्या आईस पेलेना. म्हणून तिचें बाळपण नातलगांच्या आश्रयानें गेलें. विद्यापीठाची पायरी ती कधींच चढली नाहीं. युक्लिडाच्या भूमितीचे पहिले दोन भाग, एवढीच तिची पुंजी.

पुढें लंडनला आईकडे राहत असतां चार्ल्स हॉवर्ड हिंटन हे लांकडी ठोकळे घेऊन येत व मुलींना चौथ्या परिमाणाचा परिचय करून देत. चौरस आपल्या पातळीशीं काटकोनांत, बाजूइतकाच वर सरकविला कीं घन होतो. म्हणजे घन ही चौरसावर उभारलेली चिति होय. तोच घन आपल्या तिन्ही दिशांशीं काटकोनांत असलेल्या चौथ्या दिशेनें सरकविला, तर आरंभींचा एक, शेवटचा एक व सहा पृष्ठांपासून झालेले सहा, अशा आठ घनांनीं वेढलेली आकृति होईल.

ती दिशा दिसत नाहीं. पण छेद दिसतात. घन एका कोपऱ्यावर सरळ उभा धरून पाण्यांत बुडवा. पाण्याच्या पृष्ठभागीं प्रथम बिंदु, मग वाढता त्रिकोण, मध्यावर नियमित षट्कोन, पुन्हां त्रिकोण व अखेर बिंदु उमटेल. केवळ त्या पृष्ठभागीं वावरणारा जीवहि हे छेद क्रमानें जुळवून घनाचें ज्ञान करून घेऊं शकेल. तसेच चतुर्मित आकृतीचे छेद आपल्या जगांत घनाकृति होऊन दिसतील.

अॅलिशियानें हाच मार्ग धरला. बीजगणिताच्या साह्यावांचून तिनें ताडलें कीं, अशा नियमित बहिर्वक्र आकृति सहाच असून त्या अनुक्रमें ५, ८, १६, २४, १२० व ६०० घनाकृतींनीं वेढलेल्या असतात. त्यांचे छेद तिनें पुठ्ठ्याचे बनविले. स्विस गणिती श्लेफ्ली यांनीं हाच सिद्धांत पूर्वींच शोधला होता, याची तिला वार्ताहि नव्हती.

१८९० सालीं वॉल्टर स्टॉट यांच्याशीं तिचा विवाह झाला. संसार व दोन मुलें सांभाळतांना हें कार्य घरांतच राहिलें. अखेर हॉलंडमधील ग्रोनिंगनचे प्राध्यापक स्कौटे यांचें लेखन पतीनें स्टॉटबाईंच्या दृष्टीस आणलें. त्यांनीं आपल्या पुठ्ठ्याच्या आकृतींचीं छायाचित्रें पाठविलीं. स्कौटे यांनीं काढलेले मधले छेद बाईंच्या छेदांशीं तंतोतंत जुळले! मग ते सुटींत इंग्लंडास येऊं लागले. बाईंचे निबंध १९०० व १९१० सालीं अॅमस्टरडॅमच्या विद्वत्सभेनें प्रसिद्ध केले. १९१३ सालीं स्कौटे वारले. १९१४ सालीं ग्रोनिंगन विद्यापीठानें बाईंस सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली.

त्यानंतर बराच काळ हें कार्य थांबलें. १९३० सालीं, सत्तराव्या वर्षीं, भाचे जेफ्री टेलर यांनीं त्यांची तरुण गणिती कॉक्सेटर यांच्याशीं गांठ घालून दिली, आणि बाईंनीं पुन्हां नव्या उमेदीनें संशोधन आरंभिलें. १७ डिसेंबर १९४० रोजीं त्या निवर्तल्या.

जें डोळ्यांस अगोचर, तें त्यांनीं एकेक छेद कापून बुद्धीस गोचर केलें. शिक्षणाचीं साधनें थोडीं म्हणून खिन्न होणाऱ्या विद्यार्थ्यानें त्यांचें हें पुठ्ठ्याचें काम अवश्य आठवावें.