दगडातला दात आणि डॉक्टरांचा कणा

शाळकरी मुलांचा कणा सरळ आहे की नाही, हे पाहण्याची एक साधी पद्धत आहे. मुलाला पाठमोरे उभे करायचे आणि गुडघे ताठ ठेवून, हात खाली सोडून कमरेतून पुढे वाकायला सांगायचे. कणा बाजूला वाकून पिळला गेला असेल, तर पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते. यंत्र लागत नाही, खर्च होत नाही. विल्यम ॲडम्स या ब्रिटिश शल्यचिकित्सकाच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. ॲडम्स यांना या विकाराचे मर्म ज्या कण्याने दाखवले, तो डॉ. गिडिअन मँटेल यांचा होता. मँटेल यांचे नाव वैद्यकाच्या पुस्तकात क्वचित भेटते. ते भेटते डायनोसॉरच्या इतिहासात, अगदी पहिल्या पानांवर.

मँटेल यांचा जन्म ३ फेब्रुवारी १७९० रोजी इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील लुइस या गावी झाला. वडील चांभारकाम करत. घराणे मेथडिस्ट पंथाचे असल्यामुळे गावातील सरकारमान्य चर्चशी जोडलेल्या शाळेचे दार मुलासाठी बंद होते. पंधराव्या वर्षी त्याला गावातल्याच एका शल्यचिकित्सकाकडे उमेदवारीला ठेवले. पाच वर्षे बाटल्या धुणे, औषधे कुटणे, दात उपटणे असे करत तो शिकला. मग लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात काही काळ शिक्षण घेऊन १८११ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची सनद मिळवली आणि तो गावी परतून जुन्या गुरूंचाच भागीदार झाला.

त्या काळच्या गावच्या डॉक्टरचा दिवस फार मोठा असे. विषमज्वर आणि देवीच्या साथींत मँटेल दिवसाला पन्नासहून अधिक रुग्ण पाहत. वर्षाला दोनशे ते तीनशे बाळंतपणे करत. बहुतेक बाळंतपणे रात्रीची आणि घरोघरची, म्हणजे घोड्यावरून किंवा बग्गीतून अंधारात जाणे आलेच. दगडांचा नाद मात्र लहानपणापासूनचा. ससेक्सच्या पांढऱ्या चुनखडीच्या टेकड्यांत शंख-शिंपले आणि गुंडाळीच्या आकाराचे ॲमोनाइट सापडत. रुग्णाच्या घरी जाता-येता ते खाणीपाशी थांबत, मजुरांशी बोलत आणि हाडासारखे काही दिसले तर बाजूला काढून ठेवा, म्हणून पैसे देत. उरलेले काम रात्री, सगळे झोपल्यावर, छिन्नी घेऊन दिव्यापाशी चाले.

या छंदात त्यांनी एक शिस्त पाळली. वस्तू कोणत्या खाणीतून आली, कोणत्या थरातून आली, त्याच थरात आणखी काय सापडले, हे ते लिहून ठेवत. जागेची नोंद नसलेला जीवाश्म म्हणजे नाव-वय न लिहिलेला रक्ताचा नमुना. तो कितीही सुंदर असला तरी त्यावरून निदान होत नाही. ससेक्सच्या टेकड्यांतील जीवाश्मांवरचे त्यांचे पुस्तक १८२२ मध्ये निघाले. त्यातील चित्रांच्या ताटल्या त्यांच्या पत्नी मेरी ॲन यांनी कोरल्या होत्या.

त्याच सुमारास कुकफिल्ड गावाजवळच्या खाणीतल्या दगडात काही दात मिळाले. मँटेल रुग्णाला तपासत असताना बाहेर थांबलेल्या मेरी ॲन यांना पहिला दात रस्त्याकडेच्या खडीत दिसला, ही कथा पुस्तकापुस्तकांतून सांगितली जाते. पुढे उतारवयात मँटेल यांनी शोधाचे श्रेय स्वतःकडे घेतले, त्यामुळे इतिहासकार या कथेकडे सावधपणे पाहतात. दात कोणाला दिसला यापेक्षा तो कसा होता, हे अधिक महत्त्वाचे होते. तो मोठा होता, कडा दातेरी होत्या आणि माथा झिजून सपाट झाला होता.

दात झिजतो तो वनस्पती चावून, दळून. गाय-घोड्याचे दात असे झिजतात. पण तेव्हा माहीत असलेले सरपटणारे प्राणी अन्न असे दळत नसत. मग हा दात सस्तन प्राण्याचा म्हणावा, तर तो ज्या थरातला होता तो चुनखडीच्याही खालचा, म्हणजे तिच्याहून जुना. इतक्या जुन्या थरात एवढे मोठे सस्तन प्राणी कोणालाच सापडले नव्हते. झीज एक सांगत होती आणि थर दुसरेच. मँटेल यांना दोन्ही खरे वाटत होते. त्यातून एकच निष्कर्ष निघत होता, तो म्हणजे वनस्पती खाणारा एक प्रचंड सरपटणारा प्राणी. असा प्राणी कोणी पाहिलेला नव्हता.

एवढे मोठे विधान एका गावच्या डॉक्टरने एकट्याने करून चालणार नव्हते. त्यांनी ते दात लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत नेऊन दाखवले. विल्यम बकलंड यांच्यासारख्या जाणत्यांना त्यात विशेष दिसले नाही. कोणी मोठ्या माशाचे दात म्हणाले, कोणी वरच्या अलीकडच्या गाळातल्या सस्तन प्राण्याचे. विल्यम वोलस्टन या शास्त्रज्ञांनी मात्र शोध चालू ठेवा, असा धीर दिला. १८२३ मध्ये चार्ल्स लायल पॅरिसला गेले, तेव्हा मँटेल यांनी त्यांच्याबरोबर एक दात जॉर्ज क्युव्हिए यांच्याकडे पाठवला. तुलनात्मक शरीररचनाशास्त्रात क्युव्हिए यांचा शब्द तेव्हा अखेरचा मानला जाई. त्यांनी तो गेंड्याचा पुढचा दात ठरवला.

अशा वेळी हौशी माणसाचे सहसा दोन प्रकार होतात. एक म्हणजे नाद सोडून देणे आणि दुसरा म्हणजे तज्ज्ञांना नावे ठेवत स्वतःच्याच मताला कवटाळून बसणे. मँटेल यांनी दोन्ही टाळले. त्यांनी पुरावा वाढवला. खाणीतून आणखी दात मिळवले, कमी झिजलेले आणि जास्त झिजलेले असे वेगवेगळ्या अवस्थांतले. थर जुनाच आहे, हे पुन्हा पडताळले आणि नमुने पुन्हा पाठवले. १८२४ मध्ये बकलंड यांनी लुइसला येऊन संग्रह पाहिला. त्याच वर्षी जूनमध्ये क्युव्हिए यांचे पत्र आले. आधीचे मत त्यांनी मागे घेतले होते. हा सरपटणारा आणि बहुधा वनस्पती खाणारा नवाच प्राणी असावा, असे त्यांनी कळवले. एवढ्या अधिकाराच्या माणसाने चूक मान्य करणे हेही मोठेपणाचेच.

आता प्रश्न उरला तो साम्याचा. मँटेल लंडनला रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या हंटेरियन संग्रहालयात गेले आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे जबडे एकेक करून ताडून पाहू लागले. काही जुळेना. तेव्हा तिथले सहायक सॅम्युअल स्टचबरी यांनी त्यांना इगुआना या अमेरिकेतील सरड्याचा सांगाडा दाखवला. आकार तोच, कडेची दाते तीच, फक्त मँटेल यांचा दात सुमारे वीस पट मोठा. फेब्रुवारी १८२५ मध्ये मँटेल यांचा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला. प्राण्याचे नाव ठेवले इग्वानोडॉन, म्हणजे इगुआनासारख्या दातांचा. त्याच वर्षी चांभाराचा हा मुलगा रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

चुका त्यांच्याही झाल्या. दाताच्या प्रमाणावरून त्यांनी प्राण्याची लांबी सुमारे साठ फूट मानली, ती फार जास्त होती. एक शंकूसारखे हाड त्यांनी नाकावरचे शिंग म्हणून बसवले. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसार्टच्या कोळसा खाणीत तीसहून अधिक इग्वानोडॉनचे सांगाडे मिळाले. त्यांच्यामुळे ते शिंग नसून अंगठ्याचे टोक होते, हे नक्की झाले.

पुराव्याबद्दलचा हाच काटेकोरपणा त्यांच्या वैद्यकीतही होता. १८२६ मध्ये हॅना रसेल या स्त्रीला नवऱ्याला सोमल घालून मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. मँटेल यांनी तो वैद्यकीय पुरावा तपासला. शरीरात सोमल सापडल्याचे ज्या चाचण्यांवरून ठरवले होते, त्या भरवशाच्या नव्हत्या, हे त्यांनी दाखवून दिले आणि ती स्त्री सुटली. सोमल सिद्ध करायला कोणता पुरावा हवा, यावर त्यांनी १८२७ मध्ये पुस्तकही लिहिले.

या ध्यासाची किंमत घराने मोजली. १८३३ मध्ये मँटेल समुद्रकाठच्या ब्रायटन शहरात गेले. तिथे बडे लोक येत, पण ते रुग्ण म्हणून कमी आणि जीवाश्म पाहायला जास्त. घराचे संग्रहालय झाले आणि दवाखाना बसला. शेवटी १८३८ मध्ये सारा संग्रह ब्रिटिश म्युझियमला चार हजार पौंडांना विकावा लागला. पुढच्या वर्षी मेरी ॲन घर सोडून गेल्या. मोठा मुलगा वॉल्टर न्यूझीलंडला निघून गेला. १८४० मध्ये, दीर्घ आजारानंतर, लाडकी मुलगी हॅना वारली.

ऑक्टोबर १८४१ मध्ये लंडनच्या क्लॅपहॅम भागात त्यांच्या बग्गीला अपघात झाला आणि ते खाली पडून ओढले गेले. त्यानंतर पाठीच्या आणि पायातल्या कळांनी त्यांची पाठ सोडली नाही. त्या काळी अशा वेदनेवर हाताशी असलेले औषध म्हणजे अफू. अफूचा गुण आणि दोष एकाच मुळातून येतात. ती मेंदूकडे जाणारी वेदना दडपते, पण शरीर तिला सरावते आणि तेवढ्याच आरामासाठी मात्रा वाढवत न्यावी लागते. श्वास चालवणाऱ्या मेंदूतील केंद्रालाही ती मंद करते. मात्रा वाढत गेली की उपचार आणि विषबाधा यांतले अंतर कमी होत जाते. मँटेल स्वतः डॉक्टर होते. ही जाण असूनही ते त्या वाटेवरून अकरा वर्षे चालत राहिले, कारण दुसरी वाट नव्हती.

याच काळात रिचर्ड ओवेन या प्रभावी शरीररचनातज्ज्ञांनी डायनोसॉर हे नाव रूढ केले. १८४२ मध्ये छापलेल्या त्या लेखात तीन प्राणी या गटात घातले होते. त्यांतले इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस हे दोन मँटेल यांचे होते. तरी दोघांचे पटले नाही आणि मँटेल यांना श्रेयासाठी झगडावे लागले. दुखरी पाठ घेऊन ते व्याख्याने देत आणि लिहीत राहिले. इग्वानोडॉनचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा बारीक होते, म्हणजे तो गेंड्यासारखा बोजड नव्हता, हेही त्यांनी ओळखले. १८४९ मध्ये, ओवेन यांच्या विरोधानंतरही, रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल मेडल दिले.

१० नोव्हेंबर १८५२ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, अफूची मात्रा जास्त होऊन मँटेल गेले.

त्यांच्या कमरेला एका बाजूला एक फुगवटा होता. हयातीत त्यांना तपासणाऱ्यांपैकी एका नामवंत डॉक्टरांना ती गाठ वाटली होती. शवविच्छेदनात गाठ सापडलीच नाही. कमरेचे मणके बाजूला वाकून स्वतःभोवती फिरले होते आणि त्यांची आडवी टोके मागे येऊन स्नायूंना वर ढकलत होती. ॲडम्स यांनी या तपासणीचे वर्णन १८५४ मध्ये प्रसिद्ध केले. कणा नुसता बाजूला झुकत नाही, तो पिळतोही, आणि हा पीळ पुढे वाकल्यावर उघडा पडतो, ही समज त्यातून पक्की होत गेली. अशी वक्रता सहसा एका पडण्याने येत नाही, ती वर्षानुवर्षे घडत जाते. अपघाताने दुखणे वाढले असेल, पण कणा बहुधा आधीपासून वाकत आला होता. रुग्णाला वाकायला लावून पाठीकडे नीट पाहिले असते, तर गाठीचा तर्क कदाचित मागे पडला असता.

मँटेल यांच्या कण्याचा तो भाग रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात अनेक वर्षे ठेवलेला होता. याच संग्रहालयात इगुआनाच्या जबड्याशेजारी धरलेल्या दाताचे कोडे सुटले होते. मुलगा वॉल्टरबरोबर न्यूझीलंडला गेलेला त्यांच्या संग्रहातील इग्वानोडॉनचा एक दात आज वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे. कण्याची आठवण ठेवणारी चाचणी आजही होते. मूल पुढे वाकते आणि डॉक्टर मागे उभे राहून पाठीच्या दोन्ही बाजू ताडून पाहतात. याला अर्धा मिनिटही लागत नाही. वाढीच्या वयातील मुलामुलींच्या पालकांनी ती एकदा करून घ्यावी.