दूरध्वनीच्या गर्दीचा गणिती : आग्नर क्रारुप एर्लांग

इंटरनेटवरून दूरध्वनी सेवा घेणाऱ्या कार्यालयाला आधी एक हिशेब करावा लागतो. एका वेळी किती संभाषणांची सोय हवी? चॅनल कमी घेतले तर ग्राहकाचा फोन लागत नाही. जास्त घेतले तर रिकाम्या चॅनलचे भाडे महिनोन्महिने भरत राहावे लागते. या हिशेबाची रीत इंटरनेटच्या कितीतरी आधी, 1917 मध्ये, डेन्मार्कमधील एका अबोल गणितज्ञाने घालून दिली.

आग्नर क्रारुप एर्लांग यांचा जन्म 1 जानेवारी 1878 रोजी लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावचे शिक्षक. मुलगा असा तल्लख, की चौदाव्या वर्षी वयाची खास सवलत घेऊन तो विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण झाला आणि पुढे दोन वर्षे वडिलांच्याच शाळेत शिकवू लागला. 1901 मध्ये कोपनहेगन विद्यापीठाची गणितातील पदवी घेतल्यावरही त्यांनी शाळामास्तरकीच पत्करली. डॅनिश गणित मंडळाच्या बैठकांना ते नेमाने जात. तेथेच योहान येन्सन यांची गाठ पडली. येन्सन हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता आणि हौसेने गणित करणारे; त्यांच्या नावाची असमानता आजही गणिताच्या विद्यार्थ्यांना शिकावी लागते. त्यांच्या आग्रहावरून एर्लांग 1908 मध्ये कंपनीत रुजू झाले.

प्रयोगशाळेचे प्रमुख हे पद मोठे. पण हाताखाली प्रारंभी माणसेच नव्हती. शिडी वाहणाऱ्या एका कामगाराला सोबत घेऊन साहेब स्वतः रस्त्यावरील मॅनहोलमध्ये उतरत आणि भूमिगत तारांजवळ भरकटणाऱ्या विद्युतप्रवाहाची मोजणी करीत.

त्यांचे खरे कार्य मात्र कागदावरचे. कोण केव्हा फोन करील हे कुणालाच सांगता येत नाही. परंतु असंख्य लोकांच्या या लहरी एकत्र पाहिल्या तर त्यांत नियम सापडतो, आणि तो फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांच्या संभाव्यता-वितरणाचा असतो, हे त्यांनी 1909 मध्ये दाखविले. 1917 च्या निबंधात त्यांनी पुढची सूत्रे दिली : मार्ग मोकळा न मिळाल्याने किती फोन वाया जातील आणि थांबावे लागलेच तर किती वेळ.

उदाहरणच घेऊ. तासाभरात तीन-तीन मिनिटांचे 200 फोन म्हणजे दहा तासांचे बोलणे. दहा मार्ग पुरतील असे वाटते, पण फोन काही रांगेने येत नाहीत. शंभरात एकाहून अधिक फोन वाया जाऊ नये असे वाटत असेल तर 18 मार्ग लागतात. हीच वाहतूक दहा दुकानांत समान वाटली आणि प्रत्येकाने आपापली सोय केली, तर दर दुकानी पाच, म्हणजे एकूण 50! अनेक कार्यालयांचे फोन एका मोठ्या सेवादात्याकडे एकवटणे स्वस्त का पडते, त्याचे एक मोठे कारण या दोन आकड्यांत आहे.

एर्लांग अविवाहित राहिले. रात्री उशिरापर्यंत काम करीत, पुस्तके जमवीत, आणि दाराशी आलेल्या गरजवंताला गाजावाजा न करता पैसे देत. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची रजा घेतली नव्हती. जानेवारी 1929 मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात दाखल झाले आणि 3 फेब्रुवारीला, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, निधन पावले.

दूरध्वनी वाहतुकीच्या एककाला त्यांचे नाव मिळाले 1946 मध्ये, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी. पुढे एरिक्सन कंपनीच्या अभियंत्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक संगणकभाषा घडविली. तिचेही नाव एर्लांग. व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरची उभारणी याच भाषेत झाली.