समुद्र घरात आणणारा कारकून

भंडारा जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. वैनगंगा आहे, गावोगावी मामा तलाव आहेत. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे मोबाईलवर केशरी-पांढरा क्लाऊनफिश पाहून मुलाने खाऱ्या पाण्याच्या फिशटँकचा हट्ट धरला, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, समुद्राचे पाणी आणायचे कुठून? हाच प्रश्न १८५४ साली लंडनमध्ये फिलिप हेन्री गॉस यांना पडला होता. 'ॲक्वेरियम' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो त्यांच्याच पुस्तकामुळे.

गॉस यांचा जन्म १८१० चा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे काढत. घरची स्थिती बेताची असल्याने कॉलेज नशिबी आले नाही. सतराव्या वर्षी ते न्यूफाउंडलंडला एका व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून गेले. तिथे सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक विकत घेतले आणि किड्यांचा नाद लागला. पुढे कॅनडात शेती केली, अलाबामात शाळा शिकवली, जमैकात पक्षी पाहिले. पैसा कुठेच मिळाला नाही, नजर मात्र तयार झाली.

१८५२ मध्ये प्रकृती बिघडल्यामुळे ते हवापालटासाठी डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुले, खेकडे, झिंगे पाहता पाहता हा संसार काचेत ठेवता येईल का, याचे प्रयोग सुरू झाले. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठल्याने काच स्वस्त झाली होती. हिरवी वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते आणि तो प्राण्यांना पुरतो, हे तत्त्व इतरांनीही तपासले होते. ॲना थिन या बाईंनी तर लंडनमध्ये त्याआधीच समुद्री जीव जगवले होते. गॉस यांनी ते सामान्य माणसाच्या हाती दिले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यासाठी जीव पुरवणाऱ्यांत तेही होते.

पण लंडनला दरवेळी समुद्राचे पाणी आणणे खर्चाचे होते. गॉस यांनी समुद्रजलाचे रासायनिक पृथक्करण समोर ठेवून कृतीच बसवली. साधारण साडेचार लिटर गोड्या पाण्यात सुमारे १०० ग्रॅम साधे मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट (तेच, जे जुलाबासाठी देत), १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि जेमतेम अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. आधी शैवाल घातले, काही दिवस थांबले, मगच जीव सोडले. ते जगले.

हे थांबणे महत्त्वाचे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. गॉस यांच्या काळी हे कोणाला ठाऊक नव्हते. आज ठाऊक असूनही टाकी आणली त्याच दिवशी मासे सोडले जातात आणि आठवडाभरात मरतात. नवख्याने लहान टाकी घ्यावी हाही गैरसमजच. पाणी जितके कमी, तितका क्षार आणि तापमानात बदल लवकर होतो. शंभर लिटरच्या खाली जाऊ नये. शिवाय विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी २६ अंशांच्या आसपास ठेवायचे तर चिलरचा खर्च आधीच धरावा. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये. या पाण्यातला एक जिवाणू, क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, त्वचेवर महिनोन् महिने न बरी होणारी गाठ आणतो.

गॉस यांनी १८५५ मध्ये नवशिक्यांसाठी छोटी मार्गदर्शिकाही लिहिली. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, पण त्याच वर्षी पत्नी एमिली यांच्या स्तनात गाठ सापडली. क्लोरोफॉर्म तेव्हा आले होते, शस्त्रक्रियेचा मार्ग होता. मात्र एक अमेरिकन डॉक्टर चाकू न लावता लेपाने गाठ काढून देतो, असे कळले आणि दोघांनी ते निवडले. दाहक लेपाने कातडी आणि मांस जाळण्याचा तो उपचार कित्येक महिने चालला, वेदना असह्य होत्या. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली गेल्या. त्या काळी शस्त्रक्रियेनेही त्या वाचल्या असत्या असे म्हणता येत नाही. आज मात्र गाठ लवकर दाखवली तर बरी होऊ शकते, तरीही लेप लावण्यात वेळ घालवून येणाऱ्या बाया संपलेल्या नाहीत.

आठ वर्षांच्या मुलाला घेऊन गॉस डेव्हनला कायमचे राहायला गेले. बापलेक रोज ओहोटीला डबकी पाहत. तोवर त्यांच्या पुस्तकांनी देशभर वेड लावले होते. रेल्वेने माणसे येत, छिन्नीने समुद्रफुले खरवडून नेत, बहुतेक जीव वाटेतच मरत. काही वर्षांत ती डबकी उजाड झाली. हे आपल्यामुळे घडले याचे गॉस यांना फार दुःख होते, असे मुलाने पुढे १९०७ मध्ये आठवणींत नोंदवले. आजही समुद्री माशांपैकी बरेच थेट प्रवाळातून पकडून आणतात. क्लाऊनफिशची पैदास मात्र टाकीत होते, तेव्हा दुकानात मासा कुठला आहे हे विचारून घ्यावे.

म्हातारपणी गॉस आकाशाकडे वळले. हिवाळ्याच्या एका रात्री उघड्या खिडकीत दुर्बीण लावून बसले, छातीचा विकार बळावला, मग हृदयही थकले. ऑगस्ट १८८८ मध्ये, ७८ व्या वर्षी ते वारले.