रॉबेर शुमान

रॉबेर शुमान (२९ जून, इ.स. १८८६ – ४ सप्टेंबर, इ.स. १९६३) हे फ्रान्सचे पंतप्रधान (१९४७–४८) व परराष्ट्रमंत्री (१९४८–५३) होते. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स व जर्मनी या परंपरागत शत्रूंमध्ये समेट घडवून आणणाऱ्या नेत्यांत त्यांची गणना होते. त्यांनी मांडलेल्या योजनेतून युरोपीय कोळसा व पोलाद समुदाय स्थापन झाला. आजच्या युरोपीय संघाचे मूळ याच समुदायात आहे.

सुरुवातीचे जीवन

शुमान यांचा जन्म लक्झेंबर्ग शहरात झाला. त्यांची आई लक्झेंबर्गची, तर वडील सरहद्दीपलीकडील लोरेन प्रांतातले होते. वडील जन्माने फ्रेंच होते. परंतु १८७१ मध्ये फ्रान्सच्या पराभवानंतर त्यांचे गाव जर्मन साम्राज्यात गेले आणि ते जर्मन नागरिक झाले. त्यामुळे रॉबेर हे जन्मतः जर्मन नागरिक ठरले. जर्मन विद्यापीठांतून कायद्याचे शिक्षण घेऊन १९१२ मध्ये त्यांनी मेत्स येथे वकिली सुरू केली. प्रकृतीच्या कारणास्तव पहिल्या महायुद्धात त्यांना आघाडीवर जावे लागले नाही. युद्धानंतर अल्सास-लोरेन पुन्हा फ्रान्सकडे आले व शुमान फ्रेंच नागरिक झाले. १९१९ मध्ये ते मोझेल विभागातून फ्रेंच संसदेवर निवडून गेले.

दुसरे महायुद्ध

मार्च १९४० मध्ये निर्वासितांच्या प्रश्नासाठी त्यांची उपमंत्री म्हणून नेमणूक झाली. फ्रान्सच्या पाडावानंतर जुलै १९४० मध्ये मार्शल पेतँ यांना सर्वाधिकार देण्याच्या बाजूने त्यांनी मत दिले. सप्टेंबरमध्ये गेस्टापोने त्यांना मेत्स येथे अटक केली. अनेक महिन्यांच्या कैदेनंतर त्यांना जर्मनीतील नॉयश्टाट येथे नजरकैदेत ठेवण्यात आले. ऑगस्ट १९४२ मध्ये तेथून निसटून त्यांनी उर्वरित युद्धकाळ भूमिगत राहून काढला. पेतँ यांना दिलेल्या मतामुळे युद्धानंतर त्यांना काही काळ निवडणुकीस अपात्र ठरवण्यात आले होते. १९४५ मध्ये ही बंदी उठली.

शुमान योजना

जर्मनीला दुर्बळ ठेवावे व रूर खोऱ्यातील तिच्या उद्योगांवर नियंत्रण ठेवावे, असे युद्धानंतरचे फ्रेंच धोरण होते. १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीची स्थापना झाली आणि शीतयुद्धामुळे तिचे उद्योग पुन्हा उभे राहू देण्याचा अमेरिकेचा आग्रह वाढला. त्यामुळे हे धोरण फार काळ टिकणे अवघड झाले. या पेचातून मार्ग काढण्यासाठी झां मोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आराखडा तयार केला आणि शुमान यांनी त्याची राजकीय जबाबदारी स्वीकारली. जर्मन चान्सेलर कोनराड आडेनाउअर यांची संमती गुप्तपणे मिळवल्यानंतर ९ मे १९५० रोजी पॅरिसमध्ये त्यांनी ही योजना जाहीर केली. युरोपातील युद्धसमाप्तीला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती.

दोन्ही देशांचे कोळसा व पोलादाचे उत्पादन एका सामाईक उच्च प्राधिकरणाखाली आणावे आणि इतर देशांनाही त्यात प्रवेश खुला ठेवावा, असा हा प्रस्ताव होता. शस्त्रनिर्मितीला पोलाद आणि पोलादाला कोळसा लागतो. त्यांवर संयुक्त देखरेख असल्यास एका देशाला दुसऱ्याविरुद्ध युद्धाची तयारी करणे अशक्य होईल, असा त्यामागील विचार होता. या व्यवस्थेत पराभूत जर्मनीला बरोबरीचे स्थान होते व फ्रान्सवरही तेच नियम बंधनकारक होते. फ्रान्समध्ये कम्युनिस्ट व द गॉलवादी या दोन्ही पक्षांनी योजनेला विरोध केला. ब्रिटन तीत सहभागी झाले नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांनी पॅरिस येथे करारावर सह्या केल्या. प्राधिकरणाचे कार्यालय शुमान यांच्या जन्मशहरी, लक्झेंबर्ग येथे उघडले.

समेटाचा हा मार्ग सरळ नव्हता. सारलांडवरून दोन्ही देशांतील वाद पुढेही चालू राहिला. हा प्रदेश १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत सामील झाला. सामाईक युरोपीय सैन्याची योजना १९५४ मध्ये फ्रेंच संसदेनेच फेटाळली.

उत्तरायुष्य व वारसा

१९५८ ते १९६० या काळात शुमान युरोपीय संसदीय सभेचे अध्यक्ष होते. जानेवारी १९६३ मध्ये द गॉल व आडेनाउअर यांनी फ्रान्स-जर्मनी मैत्रीच्या एलिझे करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेत्सजवळील सी-शाझेल येथे शुमान यांचे निधन झाले. तेथील त्यांचे घर आता संग्रहालय आहे. ९ मे हा दिवस युरोपीय संघात युरोप दिन म्हणून साजरा होतो.