हुतात्मा भाई कोतवाल : धर्म आणि उत्तरदायित्व



'धर्म' हा शब्द मराठीत किती अर्थांनी वावरतो, याकडे तुम्ही कधी लक्ष दिले आहे काय? 'धर्मांतर' या शब्दात तो पंथवाचक आहे, 'दानधर्म' म्हणताना भिक्षा सुचवतो, तर 'शेजारधर्म' म्हणताना कर्तव्य. भाई कोतवाल यांची ओळख धर्मचिंतक अशी नाही. तथापि या तिसऱ्या अर्थाचा आशय समजून घेण्यास त्यांचे चरित्र उपयुक्त आहे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकील झाले व पुढे माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. सुरक्षित आयुष्याची वाट त्यांच्यासमोर मोकळी होती. परंतु डोंगरातील शेतकरी व आदिवासी यांची कुचंबणा ते पाहत होते. पावसाळ्यात घरातील धान्य संपे, सावकाराकडून खावटी उचलावी लागे आणि सुगीत पिकाचा मोठा वाटा ती फेडण्यात जाई. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांत वाढलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी हे वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल.

अशा वेळी अन्नदान करून पुण्य जोडण्याची आपली परंपरा आहे. कोतवालांनी मात्र धान्यकोठ्या सुरू केल्या. दानाने त्या दिवसाची भूक भागते. पण घेणारा घेणाराच राहतो. कोठीतून गरजेपुरते धान्य मिळू लागले, तर त्याला सावकाराच्या दारी जावे लागत नाही. या दोन कृतींमागील नैतिक भूमिकांतील अंतर तुम्ही नीट लक्षात घ्यावे.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत' आंदोलन सुरू झाले. कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून शासनयंत्रणा खिळखिळी करणे, हा दस्त्याचा मार्ग होता. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. अन्यायी सत्तेविरुद्ध कायदा मोडणारा वकील अधर्म करतो काय? अहिंसेच्या मर्यादेत अशी मोडतोड बसते काय, याविषयी त्या काळीही मतभेद होते. मात्र कोतवालांनी इतरांना धोक्यात लोटून स्वतः सुरक्षित राहण्याचा मार्ग पत्करला नाही. आपल्या कृतीचे परिणाम भोगण्यास ते सहकाऱ्यांसोबत रानात राहिले.

२ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले. गोळीबारात हिराजी पाटील आणि भाई कोतवाल यांना वीरमरण आले. कोतवाल तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. आजही दरवर्षी २ जानेवारीस लोक सिद्धगडावर त्यांना अभिवादन करण्यासाठी जमतात. शक्य झाल्यास तुम्हीही एकदा तेथे जाऊन यावे.

विचार करा : तुमच्या गावातील एखादी अडचण निवडा. तिच्यासंदर्भात 'दानधर्म' कोणता आणि 'उत्तरदायित्व' कोणते, हे दहा ओळींत स्पष्ट करा.